वाळू उपसणाऱ्याची लेक

चीनच्या वाळवंटातल्या दुनहुआंगच्या बुद्ध-लेण्यांपाशी रांगेत उभ्या शुएमेईच्या पुढेच एक म्हातारी किल्ल्यांचा जुडगा धरलेल्या गाइड पोरीशी कडाकडा भांडत होती.

"आजी, हे लेणं यंदा बंद आहे. दुसरी आठ दाखवते ना."

"दुसरी तुझी तू बघ! माझ्या बापानं तीस वर्षं याच दारातून वाळू उपसली."

"असेल हो. पण माणसांच्या श्वासाच्या ओलीनं भिंतीवरचे रंग जातात."

"अस्सं! मग तो काय नाक घरी ठेवून झाडत होता?"

"नियम मी नाही केलेत, आजी."

"वाळू बुद्धाच्या डोळ्यांत जाऊ दिली नाही त्यानं, स्वतःच्या छातीत घेतली. मरेस्तोवर खोकला. आणि त्याच्या लेकीचा श्वास तुम्हाला जड होतो?"

"लहानपणी पाहिलं असेल की तुम्ही."

"कुठलं! आत येऊच देत नसे. म्हणे, भिंतीला हात लावशील."

"मग तेही आमच्यासारखेच!"

"तोंड सांभाळ, भवाने! उघड दार. मी श्वासच घेत नाही, मग तर झालं?"

म्हातारीनं गाल फुगवून ओठ घट्ट मिटले. तिचा चेहरा लाल होत गेला. शुएमेईच्या मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

"आजी! अहो, श्वास घ्या!"

म्हातारीनं नकारार्थी मान हलवली आणि बोट कुलपाकडे केलं.