‘आलो’ म्हनायचं

कुसुमबाई : चप्पल हितंच सोड, आदिनाथ. ह्यो बघ तुजा दोस्त, खाटंवर. खांद्याचं हाड जुळलं, डॉक्टर म्हनले आता काई भ्या न्हाई. तरी तीन महिने झाले, अंगणात जायला बी माजा हात मागायलाय.

सिद्धोधन : माय, तू च्या टाक.

कुसुमबाई : टाकते. वालूरहून सेलूला येकटा यष्टीनं जायचा रे ह्यो. आंधळा हाय म्हनून कुनाला पटत नव्हतं.

(कुसुमबाई आत जाते.)

सिद्धोधन : पुण्याला कधी निघायलास?

आदिनाथ : उद्या. टीममदी नाव आलं.

सिद्धोधन : पिशवीत काय वाजायलंय?

आदिनाथ : आपला रग्बीचा चेंडू. घुंगराचा. आपल्याला खेळ शिकवणारे दिनकरराव सर म्हनले, सिद्धोधनच्या हाती दे, येईल परत खेळायला.

सिद्धोधन : ठिव तिकडं. माझ्या कानावर माझा इश्वास न्हाई आता.

आदिनाथ : असं कामून म्हनायलास?

सिद्धोधन : त्या दिशी खेळताना चेंडू माझ्या छातीशी होता. रेषा दोन पावलांवर. तुला अंधुक का व्हईना, दिसतं. ज्याला दिसतं त्यानं शिवायला येताना ‘आलो’ म्हनायचं, म्हंजी समोरचा सावध व्हतो. तू म्हनलास. सरांनी ऐकलं, समद्यायनी ऐकलं. मलाच आलं न्हाई ऐकू. डोळे जल्मापासूनच न्हाईत, त्याचं काई न्हाई. पर कान बी दगा द्यायले तर रस्ता कसा वलांडू मी? मोटारसायकल आली का गेली, माझा मला भरवसा न्हाई.

आदिनाथ : सिद्धा, मी म्हनलोच न्हाई.

सिद्धोधन : काय म्हनला न्हाईस?

आदिनाथ : ‘आलो’. म्हनलो असतो तर तू वळला असतास, चेंडू रेषेपल्याड टेकवला असतास. पुण्याचे सर टीमसाठी नावं लिहून घ्यायले होते. मी गपचूप पळत आलो आन् तुला धडकलो. नंतर सरांनी विचारलं तवा म्हनलो, आवाज दिला. बाकीचे काय, समदेच ओरडायले होते. ज्याला त्याला वाटलं, आपुन ऐकलं.

सिद्धोधन : तीन महिने तू हे पोटात ठिवलंस?

आदिनाथ : दोनदा येऊन गेलो. जीभच उचलली न्हाई. आज मावशीनं सांगितलं, तू हात मागायलास म्हनून. सरांना सांगतो आजच. नाव कापू दे माजं.

सिद्धोधन : ते तुजं तू बघ. म्हंजी माझे कान बरे हायत.

आदिनाथ : बरे हायत.

सिद्धोधन : रोज शिव्या दिल्या मी त्यांना. तुला द्यायला पायजे होत्या. लय राग यायलाय, आदिनाथ. ह्या खाटंवर बसून बसून मी मेल्यावानी झालो.

कुसुमबाई : (च्या घेऊन बाहेर येत) च्या घे रे बाबा आदिनाथ, गरम हाय.

सिद्धोधन : नको देऊ, माय. त्यो निघालाय.

आदिनाथ : सिद्धा, मला माफ...

सिद्धोधन : जा तू. आन् चप्पल घासत जा. यष्टीच्या थांब्यापस्तोर ऐकायचंय मला.