लाकडी बोटीवरचा कोयता

मुरबाड स्टँडवर किन्हवलीची गाडी लागायची होती. मागच्या बाकावर नेव्हीतून रिटायर झालेले जयराम आणि भगीरथ पंचवीस वर्षांनी भेटले होते.

“भगीरथ, लोखंड जवळ आलं की पान्यातला सुरुंग फुटायचा, म्हनून तर आपली बोट लाकडाची. आनी झडतीत सापडला काय, तर कोयता!”

“महिनाभर माझी सुट्टी बंद केली रे.”

“तो माझा होता. कमरेला कोयता नसला की मला उघड्यासारखं वाटायचं.”

“ठाऊक हाय मला.”

“ठाऊक हाय? मंग सोताच्या अंगावर का घेतलंस? इतकी वर्सं हेच इचारायचं होतं.”

“नसतं घेतलं, तर झडती चालूच राहिली असती ना.”

“राहू दे की. तुला काय?”

“माझा कोयता तांदळाच्या गोणीत होता.”