आईला घेऊन जा

धम्मदीपा : घेऊन जा म्हणजे? किती दिवसांसाठी?

विकी : ते नगं इचारू. आजच ने. सांजच्या यष्टीनं.

धम्मदीपा : कचेरीत अर्धी रजा टाकून पौडहून पळत आलेय मी. बूथवरून फोन केलास आणि एवढंच म्हणालास, "ताई, निघ." मला वाटलं, आईला काही झालं.

विकी : झालं न्हाई. व्हायच्या आदी बोलावलंय.

धम्मदीपा : विकी, सरळ बोल.

विकी : हळू. मागल्या दारी भांडी घासतीय ती.

धम्मदीपा : माझ्या घरात दोन खोल्या, सासूबाई, पोरं. ते असू दे. पण पोटच्या पोरानं आईला घराबाहेर काढायचं? लोक काय म्हणतील?

विकी : लोकांचं मला काय बी वाटत न्हाई. कशाचंच वाटत न्हाई, हेच तर सांगतोय.

धम्मदीपा : हात दुखतोय का पुन्हा?

विकी : हात कुटं हाय? उजवा तर पिरंगुटला कंपनीत प्रेसखाली गेला. पर तळवा हाय असंच वाटत ऱ्हायलं. निखारा मुठीत धरल्यागत जळायचा, अन मूठ उघडाया बोटं न्हाईत.

धम्मदीपा : गोळ्यांनी थांबलं म्हणाला होतास.

विकी : थांबलं. एप्रिलातल्या जयंतीनंतर डॉक्टरनं गोळी वाढवली, तवापासून जळत न्हाई. झोप लागती. पर गोळीनं दुखणं उचललं, अन त्या जागी दुसरंच काय तरी आणून ठेवलं.

धम्मदीपा : काय?

विकी : राग म्हण. पर रागाला काय तरी कारण लागतं.

धम्मदीपा : तू आईवर हात उचललास?

विकी : परवा दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. माझ्याकडं पाठ. तोंडानं काय तरी गुणगुणत होती. मला ते सोसंना. डाव्या हातात वरवंटा कवा आला, ठावं न्हाई.

धम्मदीपा : अरे देवा.

विकी : मागं जाऊन हुबा ऱ्हायलो. मनात एवढंच आलं, हिचं डोकं किती बारकं हाय. भ्या न्हाई, दया न्हाई.

धम्मदीपा : मग?

विकी : तिनं मागं न बघताच इचारलं, चा टाकू का? मी म्हणलं, टाक. वरवंटा पाट्यावर ठिवला.

धम्मदीपा : आणि?

विकी : चा प्यालो. ग्वाड होता.

धम्मदीपा : डॉक्टरांना सांगितलंस हे?

विकी : मागं गेलतो तवा त्यांनी इचारलं, चिडचिड होती का? मी न्हाई म्हणलं.

धम्मदीपा : का पण?

विकी : व्हय म्हणलो असतो, तर गोळी काढली असती.

धम्मदीपा : म्हणजे तुला आईपेक्षा गोळी मोठी?

विकी : व्हय. म्हणून तर तुला बोलावलं. गोळी मला सोडवत न्हाई. आई तू ने.

धम्मदीपा : कुठंयत ती पाकिटं? दे इकडे. आत्ताच्या आत्ता बंद.

विकी : हात लावू नगंस! ... बघ. आयकलास? हा आवाज माझा हाय का, ताई?

धम्मदीपा : नाही.

विकी : एकदम बंद केली तर फिट येती, असं डॉक्टरनंच सांगितलंय.

धम्मदीपा : मग उद्या सकाळी दोघं पुण्याला जाऊ. तू गप्प बस, मी सांगेन सगळं.

विकी : कमी करतील. जळंल परत.

धम्मदीपा : जळेल.

विकी : तुला म्हणाया काय जातंय.

धम्मदीपा : माझं काहीच जात नाही. तरी म्हणते.

आई : अगं दीपे, कवा आलीस? हाक तरी मारायची. चा टाकू का?

धम्मदीपा : नको, आई. दोन लुगडी पिशवीत भर. माझ्याकडे राहायला चल.

आई : अन ह्याच्या भाकरीचं?

विकी : मी बघतो, आये. जा तू.

(पंधरवड्यानं, पौडचा स्टँड. विकी यष्टीतून उतरतो तेव्हा धम्मदीपाची नजर चेहऱ्याआधी त्याच्या डाव्या हाताकडे जाते, आणि तिचं तिलाच वाईट वाटतं.)

धम्मदीपा : वाळलास रे.

विकी : गोळी कमी केल्यावर आठ दिस भिंतीला डोकं लावून बसलो. आता डॉक्टरनं दुसरी गोळी दिलीय, ती जरा धरतीय. काल रडाया आलं.

धम्मदीपा : कशानं?

विकी : मडक्यामागं आईचा चष्मा घावला. हा घे, दे तिला. लई दिसांनी रडलो, बरं वाटलं.

धम्मदीपा : तूच दे की. सकाळपासून दारात बसलीय. "आज माझा विकी न्यायला येणार," असं शेजारणींना सांगत सुटलीय.

विकी : ताई...

धम्मदीपा : तळवा कसा आहे?

विकी : निम्मा जळतोय.

धम्मदीपा : आणि ते दुसरं?

विकी : ते बी निम्मं हाय.

धम्मदीपा : मग आईला काय सांगू?

विकी : सांग, घरावरची कौलं उतरवलीत. बसाया जागा न्हाई म्हणावं.