पुढचा थांबा साखर

(दुपार. स्वयंपाकघर. निवृत्त कंडक्टर ओट्याशी उभे. त्यांची लेक दारात खुर्ची टाकून बसलेली. त्यांच्या हातात बोलणारं पेन: बरणीच्या झाकणावरच्या टिकलीला टेकवलं, की त्या टिकलीसाठी भरून ठेवलेला आवाज ऐकू येतो.)

बाबा : एवढ्या जोरात श्वास घेऊ नकोस. काय ठरलं होतं? तू अवाक्षर काढायचं नाही.

लेक : मी कुठे बोलले? मी श्वास घेतला.

बाबा : तो "बाबा, गॅस!" असा श्वास होता. जन्मभर कंडक्टरकी केली मी. बिनतिकिटाचा कोण बसलाय ते मला श्वासावरून कळायचं.

लेक : गप्पांना मार्क नाहीत. चहा करा. कुणाच्या मदतीशिवाय, नीट झाला, तर मी संध्याकाळच्या गाडीने नोकरीवर जाते. नाही झाला, तर ऑफिसला फोन करून नाही म्हणून कळवते.

बाबा : आणि कायमची माझ्या उशाशी बसते. ठाऊक आहे. डोळे गेलेत माझे, डोकं नाही. हं, पाणी ठेवलं. आता बोला, पेनसाहेब.

पेन : चहा पावडर! उतरणारे उतरून घ्या! पुढचा थांबा साखर!

लेक : अगंबाई! हा तुमचा आवाज! मी सगळी नावं माझ्या आवाजात भरून दिली होती की.

बाबा : तू "चहा पावडर" असं म्हणत होतीस, जणू बरणी आजारी आहे आणि मी तिला भेटायला आलोय. ऐकून माझंच तोंड कडू व्हायचं. पुसलं आणि नव्यानं भरलं.

लेक : मला न विचारता?

बाबा : माझी बरणी, माझी गाडी. तुला काय विचारायचं? सरक पुढे.

पेन : साखर! दोनच चमचे, धक्काबुक्की नको! पुढचा थांबा मीठ!

बाबा : दोन चमचे... थांब. थांब जरा.

लेक : काय झालं?

बाबा : ही चमच्यात पडताना साखरेसारखी वाजत नाही. बघू... थू! मीठ!

लेक : मीठ? काहीतरीच काय! साखरेची बरणी तर... अरे देवा. बाबा, काल मी बरण्या धुतल्या.

बाबा : आणि?

लेक : झाकणं कुठली कुठे बसली ते पाहिलंच नाही. काचेच्या बरण्या, आतलं दिसतंच ना...

बाबा : तुला दिसतं. माझ्याशी झाकण बोलतं.

लेक : बघा! मी घरात असताना हा घोटाळा. मी नसताना काय होईल?

बाबा : तू नसतीस तर झाकणं जागेवर राहिली असती! चूक तुझी आणि नापास मी? चोर सोडून संन्याशाला सुळी?

लेक : थट्टेवारी नेऊ नका हो. मला खरंच भीती वाटते. तुम्ही इथे भाजाल, पडाल, आणि मी तिकडे ऑफिसात कुणाच्या तरी विनोदावर हसत असेन.

बाबा : मला नाही का वाटत? जिन्यावर पाय चुकेल याची वाटते, दूध उतू जाईल याची वाटते. पण तू माझ्यापायी इथे अडकून पडशील, याची सगळ्यात जास्त वाटते. ती भीती घालवणारं यंत्र अजून निघालं नाही, ते काम तुलाच करावं लागेल. ऊठ, दुसरी बरणी दे. नको, राहू दे. माझी मी घेतो.

लेक : टिकल्या झाकणांवरून काढून बरणीच्या पोटावर लावू?

बाबा : आता बोललीस शहाण्यासारखं! चहा झाला की लाव. कप घेतला, भोंगा काठावर अडकवला. ऐक आता.

लेक : कप भरला की हा ओरडतो?

बाबा : ओरडतो आणि माझं बोट वाचवतो. आधी मी बोट बुडवून बघायचो. बिचारं लाल व्हायचं आणि तू रडायचीस. हा ओरडला बघ. घे. सांग कसा झालाय.

लेक : साखर जास्त झालीय.

बाबा : ती कंडक्टरची मर्जी. पास की नापास?

लेक : ...पास.

बाबा : मग रडतेस कशाला? आवाज ऐकू येतो मला. हे पेन घे आणि तुझ्या बॅगेच्या मुठीला लाव.

लेक : बॅगेला? इथेही टिकली?

बाबा : लाव तर खरं.

पेन : लेकीची बॅग! वाट सोडा, वाट सोडा! ही संध्याकाळच्या गाडीने जाणार! परतीचा थांबा हाच!

लेक : बाबा... हे कधी भरलंत?

बाबा : काल. तू बरण्या धूत होतीस ना, तेव्हा.