अस्वल मागे बघत नाही

धाकटी: नाही नाही, वहिनी, पळू नका! मी अजून फरशीवरच उभी आहे.

थोरली: पळू नको तर काय करू? पाणी गुडघ्यापर्यंत आलंय. माझ्या अस्वलाला पोहता येत नाही.

धाकटी: झालं. दार बंद. मी अलीकडे, तुम्ही पलीकडे. अकरा दिवस झाले या एका दाराला.

थोरली: तुझी खार वजनाला कमी पडते. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय.

धाकटी: अहो, खारीच्या वजनानं दार उघडलं नसतं तर तुम्ही पलीकडे कशा गेला असता? भानगड वेगळीच आहे. मी फरशीवर उभी राहिले तरच दार उघडतं, आणि उतरले की बंद होतं. मग मी पलीकडे जायचं कधी?

थोरली: एवढा विचार नकाशे काढताना करतेस का गं? की लोकांच्या घरांना दारंच ठेवत नाहीस?

धाकटी: ठेवते. कुठल्या बाजूला उघडतात तेसुद्धा दाखवते. पुन्हा?

थोरली: पुन्हा. साडेतीन झालेत. पाचला हे आणि भाऊजी दोऱ्या घेऊन येतील खोकी बांधायला, आणि हातासरशी टीव्हीही बांधतील.

धाकटी: टीव्ही आमचा आहे, तो इथेच राहणार. गेम तुमचा.

थोरली: माझा कसला, लेकीचा. हॉस्टेलला जाताना बजावून गेली, "आई, याच्यावर धूळ बसू देऊ नकोस." म्हणून पुसायला घेतला.

धाकटी: आणि दोन वर्षं आपण दोघी पुसतोय. तुम्ही लॅबमधून आलात की जेवण, जेवण झालं की पुसणं.

थोरली: हस. उद्यापासून नव्या घरात एकटीच पुसत बसणार आहे मी.

धाकटी: हा गेम एकटीला खेळता येत नाही, वहिनी.

थोरली: माहितीये. चढ फरशीवर.

धाकटी: चढले. जा तुम्ही. आता डावीकडच्या खांबामागे बघा, काही हलतंय का?

थोरली: काही नाही. शेवाळं आहे. मला एक सांग, हे अस्वल आणि खार एकत्र निघालेच कशाला? ना नात्याचे ना गोत्याचे.

धाकटी: तेच तर शेवटच्या दारापलीकडे कळणार आहे. मला रात्री झोप लागत नाही त्या विचारानं.

थोरली: वेडी आहेस. बंद झालं बघ. पुन्हा चढ.

धाकटी: चढते. वहिनी, एक विचारू?

थोरली: गेमचं असेल तर विचार. घरचं असेल तर नाही. रिमोट हातात असताना घरचं काढायचं नाही, ठरलंय आपलं.

धाकटी: ठरलंय म्हणूनच जावा-जावा एका पडद्यावर दोन वर्षं नांदलो. पण हे आज सकाळचं आहे, गेमचं नाही. तुम्ही कामावर गेल्यावर मी तुमचं कपांचं खोकं सोडलं.

थोरली: का? मी भरलं होतं ना?

धाकटी: तुम्ही भरलं होतंत म्हणूनच सोडलं. कपाला कप घासतोय. लोकांच्या रक्ताच्या बाटल्या एवढ्या जपून धरता आणि घरचे कप असे कोंबता? एकेक काढून नीट बांधले. त्यातला एक कप नकाशात गुंडाळलेला होता.

थोरली: कसल्या नकाशात?

धाकटी: तुमच्या नव्या फ्लॅटच्या. वहिनी, पाणी! पाणी चढतंय!

थोरली: चढू दे.

धाकटी: बुडालं अस्वल.

थोरली: सुरू कर परत. घरभर तुझेच कागद लोळत असतात, मला वाटलं तुझ्या रद्दीतला असेल.

धाकटी: नकाशा हातात आला की मी घर नंतर बघते. आधी खालचा उजवा कोपरा बघते, तिथे तारीख असते. सवयच लागलीये.

थोरली: मग? इमारत बांधायला काढली तेव्हाचा असेल तो. आमच्या हातात नंतर आला.

धाकटी: मीही स्वतःला तेच समजावलं. पण तारखेच्या वर फेरबदलाची एक ओळ आहे. "ग्राहकाच्या सूचनेवरून सिंक ओट्याच्या दुसऱ्या बाजूला." असं उलट्या बाजूचं सिंक कोण मागतं? डावखुरं माणूस. या घरात डावखुरं कोण आहे ते मी सांगायला नको. त्या ओळीपुढे ऑक्टोबर लिहिलंय.

थोरली: फार हुशार आहेस.

धाकटी: हुशार असते तर पाच महिने रडले नसते. तुमचे लॅबचे तीन पांढरे कोट माझ्या नव्या कुर्त्याबरोबर मशीनमध्ये गेले आणि निळे होऊन निघाले, तो महिना होता फेब्रुवारी. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आता हिच्याबरोबर एका घरात राहणं मला जमायचं नाही." आणि सिंक तर तुम्ही ऑक्टोबरातच फिरवून घेतलं होतंत.

थोरली: आवाज कमी कर. आई आत पडल्यात.

धाकटी: टीव्हीचा की माझा?

थोरली: दोन्ही.

धाकटी: मला भांडायचं नाही, वहिनी. आईशप्पथ. मला नुसतं कळत नाहीये, म्हणून विचारते. का?

थोरली: खेळ तू. बघ तिकडे.

धाकटी: खेळतेच आहे. फरशीवरच उभी आहे मी.

थोरली: बावीस वर्षं झाली मला या घरात. आई मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. माझी नोकरी सुटू नये म्हणून लेकीला त्यांनी वाढवलं. शाळेच्या दारात छत्री घेऊन त्याच उभ्या असायच्या. अशा माणसाला कुठल्या तोंडानं सांगू की मला जायचंय?

धाकटी: पण जायचं होतं कशासाठी?

थोरली: दार लावून बसायला. हसू नकोस.

धाकटी: मी कुठे हसतेय?

थोरली: सकाळपासून लॅबमध्ये माणसं. बाह्या वर करून रांगेत बसलेली. घरी यावं तर माणसं. चांगली माणसं गं, पण माणसंच ना? सत्तेचाळिसावं लागलं मला. मी दार लोटलं आणि कोणी "काय झालं, बरं नाही का?" असं विचारत आलं नाही, अशी दुपार मला आठवत नाही. कोणी वाईट वागलं असतं तर कधीच निघाले असते. पण कोणी वागेचना.

धाकटी: मग मी वागले.

थोरली: मग कोट निळे झाले. तोंडातून निघून गेलं, आणि सगळ्यांना ते लगेच पटलं. आईंनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी मला शब्द मागे घेता आला असता. नाही घेतला. आयतं कारण मिळालं होतं. मला माझीच लाज वाटते, पण खरं हे असं आहे.

धाकटी: तुम्हाला कारण मिळालं आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. यांच्या आत्याबाई फोनवर काय म्हणाल्या माहितीये? "तीन वर्षांत घर फोडून दाखवलंस." यांनी आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. आणि आई! "तिला सांग," "तिला विचार," "तिनं जेवून घेतलं का बघ." पाच महिने मी या घरात नुसती "ती" आहे.

थोरली: मला दिसत होतं.

धाकटी: दिसत होतं आणि तरी दुपारी माझ्या शेजारी बसून खेळत होतात?

थोरली: खेळताना तेवढं बरं वाटायचं. इथे तू सांगायचीस आणि मी ऐकायची. वाटायचं, थोडी भरपाई होतेय.

धाकटी: अशी होत नाही भरपाई. आईंना सांगा.

थोरली: उद्या सकाळी टेम्पो येतोय. आता कशाला? एकदा मी गेले की महिन्याभरात सगळे विसरतील.

धाकटी: तुम्ही जाल, वहिनी. मी इथेच राहणार आहे.

(आतल्या खोलीचं दार उघडतं. सासूबाई पदरानं चष्मा पुसत येतात आणि दोघींच्या मागच्या खुर्चीत बसतात.)

सासूबाई: काय गं थोरले, अजून तेच दार?

थोरली: तेच, आई. झोप झाली का?

सासूबाई: कसली झोप! खोक्यांमुळे वारासुद्धा येत नाही आत. तिला म्हणावं, पंखा वाढव जरा.

धाकटी: वाढवते, आई.

सासूबाई: ते तपकिरी धूड म्हणजे तू ना?

थोरली: हो. अस्वल.

सासूबाई: शोभतं. आणि ती शेपटीवाली तिथे एकटी का उभी? तिला जायचं नाही का?

थोरली: जायचंय. पण ती फरशीवरून उतरली की दार बंद होतं.

सासूबाई: मग दुसऱ्या कोणी धरावं दार.

थोरली: दुसरं कोणी नाहीये, आई. मी तर पलीकडे गेलेली असते.

सासूबाई: म्हणजे तू आहेस की! तू का धरत नाहीस?

थोरली: पलीकडे पाणी चढतं. पळावं लागतं.

सासूबाई: मला त्यातलं काही कळत नाही. पण येता-जाता बघते ना मी, तू दारातून सुटलीस की सुसाट. एकदा मागे वळून बघत नाहीस. ज्यानं एवढं दार बसवलं, त्यानं आतल्या बाजूनं उघडायला काही ठेवलं नसेल? असा कसा सुतार?

धाकटी: थांबा. थांबा, थांबा. वहिनी, परत. मी फरशीवर आहे. आत शिरा आणि पळू नका. तिथल्या तिथे वळा.

थोरली: अगं, पण पाणी...

धाकटी: येऊ दे. उजव्या अंगठ्यानं वळा.

थोरली: वळले. अंधार आहे. भिंत, भिंत, परत शेवाळं... अगं बाई! साखळी आहे इथे. दाराच्या मागेच लोंबतेय.

धाकटी: ओढा!

थोरली: ओढली. आता?

धाकटी: सोडू नका हं. बटण दाबूनच ठेवा. मी उतरतेय. उतरले.

सासूबाई: उघडंच आहे! बघ, बघ, उघडंच राहिलं!

धाकटी: आले! वहिनी, आले मी!

सासूबाई: आणि पाणीही थांबलं. उगाच पळत होतीस इतके दिवस.

थोरली: उगाचच.

धाकटी: आई, तुम्ही हे आधी का नाही बोललात?

सासूबाई: थोरले, तिला सांग, मला कोणी विचारलं नव्हतं.

थोरली: आई, ते "तिला सांग" आता बंद करा. तिनं काही केलेलं नाही.

सासूबाई: मी कुठे काय म्हणाले?

थोरली: घर मी ऑक्टोबरात ठरवलं होतं.

सासूबाई: कुठलं घर?

थोरली: जिथे आम्ही उद्या चाललोय ते. कोटांचं भांडण झालं त्याच्या चार महिने आधी. कोटांचं काय, लॅबनं दुसऱ्या दिवशी नवे दिले. मला माझ्यासाठी जायचं होतं. तुमच्यासमोर शब्द फुटेना, म्हणून हिचं नाव पुढे केलं. घर हिनं फोडलं नाही, आई. मी निघालेच होते.

सासूबाई: ऑक्टोबरात तर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

थोरली: त्याच आठवड्यात. तुमच्या डोळ्याला पट्टी होती आणि मी कॉटशेजारी बसून नव्या घराचा नकाशा बघत होते.

सासूबाई: मी काय कमी केलं गं तुला?

थोरली: काही नाही. म्हणून तर सांगता येईना.

सासूबाई: मला विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणाले असते.

थोरली: माहितीये.

सासूबाई: काय माहितीये तुला? नाही म्हणाले असते, रडले असते, दोन दिवस जेवले नसते. आणि पाचव्या दिवशी तुझ्याबरोबर पडद्याचं कापड बघायला आले असते. तेवढे चार दिवस मला द्यायला हवे होतेस.

थोरली: चुकलं माझं.

सासूबाई: चुकलंच. तुझ्याशी मी नंतर बोलेन. धाकटे.

धाकटी: मी? काय, आई?

सासूबाई: तुला हे कधी कळलं?

धाकटी: आज सकाळी. तुम्ही अंघोळीला गेला होतात तेव्हा.

सासूबाई: मग बाहेर आल्या आल्या मला का नाही सांगितलंस?

धाकटी: मी सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं?

सासूबाई: नसतं वाटलं. ते ठेव खाली आणि इकडे ये, माझ्याजवळ बस. पाच महिने मी तुला...

धाकटी: जाऊ दे, आई. तुम्ही मला काही बोलला नाहीत.

सासूबाई: तेच म्हणतेय मी.