आवळ्याभोपळ्याची मोट

हॅलो?… कोण, ताई? थांबा हं, दार लोटून घेते… हो, हे बाहेरच्या खोलीत आहेत. शिकवणीची मुलं आत्ताच गेली. कीबोर्ड पुसत बसलेत.

…काय? तुम्हीही ऐकलंत रेडिओवर?… अहो, मी तर हातातलं काम टाकून उभीच राहिले. ती निवेदिका काय म्हणाली… हो, हो, तेच! चेंबर ऑर्केस्ट्रा आणि जॅझ फ्यूजन एकत्र आणणारी तबकडी, तेव्हा कुणाचं लक्षच गेलं नाही म्हणे. आणि दोघांची नावं एका दमात घेतली. भाऊजींचं व्हायोलिन, यांचा कीबोर्ड.

…छे हो. यांनी ऐकल्यासारखं दाखवलंच नाही. पण रेडिओ बंदही केला नाही… तिकडेही तेच? एकाच आईची लेकरं, दुसरं काय.

…अहो, तेव्हा तो समीक्षक तबकडीवर एक ओळ लिहून मोकळा झाला, 'आवळ्याभोपळ्याची मोट'. झालं. यातला भोपळा कोण, यावरून सख्ख्या भावांचा इतकी वर्षं अबोला! लोकांकडे जावा भांडतात आणि भाऊ समजूत घालतात. आपल्याकडे सगळं उलटं.

…हो, कंपनीचा फोन इथेही आला. तबकडी पुन्हा काढायचीय, पण दोघांचा होकार हवा… हे 'बघू' म्हणाले. यांचं 'बघू' म्हणजे नाहीच… भाऊजी काय म्हणाले?… आधी धाकट्याला विचारा?… अगं बाई. आणि यांचं म्हणणं, आधी थोरल्यांनी विचारावं.

ताई, ऐका ना. त्या तबकडीचं काय व्हायचं ते होवो. मला हे दोघं एका टेबलाशी बसलेले बघायचेत, बस्स. भाऊजींच्या वाढदिवसाला हे दिवसभर कुणाशी बोलत नाहीत हो. माझा जीव तुटतो.

…थांबा, थांबा. तुमच्याकडे काय वाजतंय?… भाऊजी? व्हायोलिन बाहेर काढलं? आपणहून?… अय्या, ही तर त्यातलीच धून. ताई, फोन त्यांच्या दारापाशी न्या. न्या हो… तसाच धरा. मी इकडे स्पीकर लावते… नाही, यांना विचारतच नाही. सरळ समोर जाऊन उभी राहते.

…

…ताई, आहात ना? यांचे हात थांबलेत… फडकं बाजूला ठेवलं… ऐकू येतंय? हे वाजवताहेत! बोलू नका आता…

…हो, मीही रडतेय. रडू द्या.

…काय हो? मला म्हणालात?… ताई, ऐकलंत का? हे म्हणताहेत, 'दादाला सांग, या वळणावर तो नेहमी घाई करतो.' 'दादा' म्हणाले, ताई. तोंडातून शब्द निघाला एकदाचा.

…भाऊजी काय म्हणताहेत?… हेच मागे राहतात?… नाही हं, हे मी काही सांगायची नाही. दोघींनी पुष्कळ निरोप पोचवले आजवर. द्या फोन भाऊजींच्या हातात… दिलात?

अहो, धरा. तुमच्या दादांचा फोन आहे.