संकष्टीची भरती

माझं गाव कोकणात, एवढं खरं. पुढचं जे मी लालबागेत वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो ते खोटं, आणि ते माझ्या अंगाशी कसं आलं तेच सांगतो. गाव घाटाच्या पायथ्याला, कणकवलीच्याही वर, समुद्र बघायचा तर पहाटे निघून दिवस मावळता पोचायचं. पण मुंबईत आलो, मिलमध्ये साच्यावर लागलो, साचा म्हणजे कापड विणायचा माग, आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, कुठचा रे तू, तर मी म्हटलं मालवणचा. मालवण म्हटलं की लोकांना पटकन कळतं, घाट नि पायथा कोण सांगत बसणार. मग मालवणचा म्हणजे पोहता येत असणार, होडी वल्हवता येत असणार, वाऱ्याचा वास घेऊन वादळ ओळखता येत असणार, असं करत करत मी चाळीत दर्यावर्दी झालो. समुद्राशी माझी खरी ओळख काय सांगू तुम्हाला, गावी जाता-येता बोटीत बसून ओकण्यापुरती.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीत ज्याचा त्याचा घसा बसलेला, मुंबई आमची, मुंबई आमची. मीही ओरडायचो, आवाजाला कमी नाही. एकदा आमची ही तांदूळ निवडता निवडता म्हणाली, अहो, मुंबई आपली म्हणता, ती आहे तरी कुठवर? तुमचं आपलं खोली ते मिल नि मिल ते खोली, फार तर दादर. तेव्हापासून डोक्यात बसलं, की मुंबईचा काठ चालून बघायचा, तुकड्यातुकड्यानं, दर रविवारी बसनं जिथवर जाता येईल तिथवर जायचं आणि पुढे समुद्राच्या कडेकडेनं पायी. डोक्यात बसलं ते तिथेच बसून राहिलं, पायांत उतरायला बबनचं निमित्त व्हावं लागलं.

बबन माझा धाकटा भाऊ. त्या धामधुमीत गोळीबार झाला, त्यात एक गोळी त्याच्या गुडघ्यात शिरली. इस्पितळातून आला तो ताठ पाय आणि हातात काठी घेऊन. चाळीनं हार घातले, गणपतीच्या मांडवात खुर्चीवर बसवून सत्कार केला, बायका लहान मुलांना त्याच्या पाया पडायला लावायच्या. आणि हा हसेना, बोलेना, जिन्याची पायरी उतरेना. आठ महिने कॉटवर पडून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा, तेच तेच, पाठ होईपर्यंत. एक दिवस म्हणाला, दादा, मला होळीच्या बोटीनं गावी सोड. आता गावी काय, तर बंद घर आणि भोवती रान, तिथे खाटेवर पडला असता तो पुन्हा उठलाच नसता, हे मला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं, म्हणून तर जायचं म्हणत होता. मी म्हटलं, सोडतो, पण त्याआधी एक रविवार माझ्याबरोबर समुद्रावर चल, एकच, मग तू आणि तुझी बोट. तर ही म्हणाली, भावोजी, मी पण येणार, तुमच्या दादांच्या भरवशावर मी तुम्हाला नळापर्यंतसुद्धा पाठवायची नाही.

ठरवलं वरळी. सी-फेसला बसमधून उतरायचं, ओहोटीला खडक उघडे पडतात, त्यांवरून रमतगमत कोळीवाड्याच्या किल्ल्याच्या रोखानं जायचं. भरतीची वेळ काढायची रीत मला येत होती, तिथीची पाऊणपट केली की झालं, चतुर्थी म्हणजे चाराची पाऊणपट तीन, तीन वाजता पूर्ण भरती. ही रीत चाळीत मासे घेऊन येणाऱ्या कोळणीनं शिकवलेली, पण सांगताना मी आजोबांनी शिकवली म्हणायचो. तर सकाळी हिला विचारलं, आज काय गं? म्हणाली, संकष्टी, माझा उपास आहे, रताळी उकडलीत. झालं, चतुर्थी, तीन वाजता भरती, म्हणजे बारापर्यंत घोर नाही. कॉटवरून बबन म्हणाला, दादा, संकष्टी आहे खरी, पण... मी म्हटलं, तू गप रे, मालवणच्या माणसाला भरती शिकवतोस? आता तो माझाच भाऊ, त्याच घाटाखालचा, पण मी इतकी वर्षं मालवणचा होतो की घरातसुद्धा तोच सूर लागायचा.

बसमध्ये कंडक्टरनं काठी बघून घंटी मारायला सबुरी केली, आणि एक गृहस्थ बबनला ओळखून उठले, बसा, तुमच्यामुळे आम्ही आहोत, म्हणाले. सगळी बस वळून बघायला लागली. बबननं मान खाली घातली ती वरळीपर्यंत वर केली नाही. मला वाटलं, विनयशील आहे पोरगा.

खडकांवर मात्र बरा चालला. काठी टेकून आधी अजमावायचा, मग पाय. पुढे एक कोळीण बसून खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्या, फोडत होती, ती अकराच्या सुमाराला टोपली उचलून निघाली. मी म्हटलं, बाई, एवढ्यात? ती म्हणाली, पानी चढतंय, डोळं नाय काय? आज तीज हाय. मी म्हटलं, तीज कशी, संकष्टी आहे आज. ती म्हणाली, संकष्टी तुझ्या गनपतीला, दर्याला आज तीजच हाय. मी छाती काढून म्हटलं, बाई, मी मालवणचा. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मंग बस, म्हणाली आणि गेली.

बसलो. साडेअकराला मागे वळून बघतो तर येताना जो पाण्याचा पाट आम्ही उडी मारून, बबनला हात देऊन ओलांडला होता, तो कमरेएवढा झालेला आणि फेसाळतोय. काठ तिथे समोर, माणसं फिरताना दिसतायत, आणि मध्ये पाणी. ही म्हणाली, अहो, पोहता ना तुम्ही? मी एकदम किल्ल्याकडे बघायला लागलो. तेव्हा बबन शांतपणे म्हणाला, दादा, संकष्टीला चंद्र उगवताना चतुर्थी असली की झालं, आज दिवसभर तृतीयाच आहे, कॅलेंडरात वेळ छापलीय. तिनाची पाऊणपट सव्वादोन. तुझा पाऊण तास चुकला.

सगळ्यांत उंच खडकावर तिघं चढलो आणि सहा तास बसलो. चपला खाली ठेवल्या होत्या त्या माझ्या डोळ्यांदेखत दर्यानं नेल्या. ही उपाशी, आम्ही तिची रताळी खाल्ली. पहिला तास मी भेदरलो होतो, बबन नव्हता. त्याला एकदम हसू फुटलं. आठ महिन्यांनी हसला हो, आणि हसता हसता रडला, आणि मग जे बोलला ते तुम्हाला सांगतो.

म्हणाला, दादा, मी घोषणा द्यायला गेलोच नव्हतो. गिरगावात शिंप्याकडे सदरा टाकायला गेलो होतो. परत येताना बस बंद झाल्या, थांब्यावरची माणसं एकेक करून चालायला लागली, मी म्हटलं येईल, येईल. तासभर उभा राहिलो, एकटा. पळापळ झाली तरी उभा. बस काही आली नाही, गोळी आली. आणि तुम्ही मला हार घातलेत. ज्यांची माणसं खरोखर छातीवर गोळ्या घेऊन गेली त्यांच्या आया येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवतात, दादा, मला तोंड लपवायला गाव तरी दे.

मी म्हटलं, बबन, अरे मी वीस वर्षं मालवणचा आहे, माझ्या तोंडाचं काय? तर ही लुगड्याचा काचा घट्ट करत म्हणाली, पुरे झालं दोघांचं. बसच्या थांब्यावर उभ्या राहणाऱ्यांची नाही तर कोणाची हो ही मुंबई? भावोजी, तुम्ही खरं काय ते चाळीत सांगून टाका, नाही जमलं तर मी सांगते.

सहाच्या सुमाराला पाणी उतरलं. बबन पुढे, काठीनं खडक ठोकत, आणि अनवाणी पायाला कालवांचे काप लागल्यामुळे दर्यावर्दी त्याचा खांदा धरून मागे. थांब्यावर आलो, बस येईना. बबन म्हणाला, दादा, दहा मिनिटं बघू, नाही आली तर चालू लागू. तेव्हाच मला कळलं की होळीची बोट रिकामी जाणार.

चाळीत त्यानं स्वतःच सांगितलं, गच्चीवर, सगळ्यांसमोर. कोणी हसलं, दोघं-तिघं रुसले, आणि एका म्हातारीनं, जिचा मुलगा त्या गोळीबारात गेला होता तिनं, म्हटलं, बरं झालं बाबा, निदान एक तरी सदरा शिवायला टाकल्याचं सांगायला परत आला. नंतर तिनंच तो सदरा आणायला लावला.

आता मुंबई मिळाली, महाराष्ट्र झाला. बबनला मिलमध्ये बसून करायचं काम मिळालंय, कापड तपासायचं. चाळीच्या फळ्यावर दर शनिवारी त्याच्या अक्षरात कागद लागतो, उद्या कुठली बस, कुठे उतरायचं, त्या घटकेला तिथी कुठली, परतायचं किती वाजता. माहीम झालं, वांद्र्याचे खडक झाले, जुहू झालं, आता वर्सोव्याला जायचं चाललंय. वीस-पंचवीस माणसं येतात, ती म्हातारीही येते, परतताना वाटेत वरळीच्या त्या कोळणीकडून पाटीभर कालवं आणते. काठी सगळ्यांत पुढे असते. मी सगळ्यांत मागे, नवीन माणूस आला तर त्याला अजूनही सांगतो मालवणचा म्हणून, पुढून बबन ओरडतो, घाटाखालचा!

तुम्हीही या एखाद्या रविवारी. तिथी मला विचारू नका. देव तुमचे पाय धड ठेवो, आणि बस दहा मिनिटांत आली नाही, तर उभे राहू नका, निघा.